परका बाप्या

वैजयंती नर्सिंग पास झाली, नर्स म्हणून नावही नोंदवून आली, त्याला वर्ष झालं. तरी ती घरात भाकऱ्याच थापत होती. "परक्या बाप्यांच्या अंगाला हात लावनारी पोर बायको कोन करल?" असं म्हणून तिच्या थोरल्या भावानं, काशिनाथ दादूसनं, पनवेलच्या दवाखान्यातली नोकरी दोनदा परतवली होती. आता तिसऱ्यांदा बोलावणं आलं होतं.

आज त्याच दादूसनं, नव्या मुंबईसाठी मोजणी चाललेल्या मिठागराच्या हद्दीवरून, शेजारच्या मोतीरामवर भर अंगणात कोयता चालवला. मांडी अशी चिरली की रक्ताची चिळकांडी पार ओटीपर्यंत उडाली. मोतीराम गुरासारखा ओरडत कोसळला. बायका किंचाळल्या, बाप्ये मागं सरले. वैजयंती मात्र धावली, पदराचा बोळा जखमेत कोंबला आणि दोन्ही हातांवर सगळा भार टाकून बसली.

दादूसच्या हातातला कोयता गळून पडला. "वैजू, ह्यो मेला तं मी फासावर जाईन गो!"

"पन परका बाप्या हाय ना, दादूस. हात काढू?"

"नको, नको! दाबून धर!"

"आनि सोमवारी दवाखान्यात हजर होऊ? सगल्यांसमोर बोल."

दादूसनं जमलेल्या माणसांकडं पाहिलं. खालून मोतीरामच कण्हला, "अरं बोल ना मुडद्या, मी मरतंय!"

"जा गो बाय, जा! मी सोता पोचवतो तुला!"

वैजयंतीनं मान डोलावली आणि हात तसेच घट्ट ठेवले.

पदराखालचं रक्त, ती "हात काढू?" म्हणाली त्याआधीच थांबलं होतं.