निम्म्या चढावर

कड्याच्या टोकावर पोचलो की तो लग्नाचं विचारणार, हे तिला ठाऊक होतं. तिचा होकारही ठरलेला होता. पण निम्म्या चढावर त्याच्या वडिलांना धाप लागली.

"बाबा, तुम्ही बसा इथेच. उगाच सगळ्यांचा खोळंबा," असं म्हणून तो मागे न बघता वर निघून गेला.

तिने बाबांना पाणी दिलं. "असा कसा हो हा?"

बाबा कौतुकाने हसले. "माझ्यावर गेलाय. याच्या आईला मी याच दगडावर बसवून वर जायचो. तिने ते टोक अजून पाहिलेलं नाही."

वरून हाक आली, "अगं, ये ना लवकर."

तिने सॅक खांद्याला लावली आणि उताराकडे वळली.

"तो आला की सांगा, बसवून ठेवायला दुसरी बघ म्हणावं."