तातेरावांची विहीर

तातेराव सरकारी प्रयोगशाळेत आले ते हसतच. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल.

"मग म्याडम, काय म्हणतंय आमच्या नाल्याचं पाणी?" खुर्ची ओढत ते म्हणाले. "म्हणलं, आपणच जाऊन विचारावं. तुमाला काहून तकलीफ?"

राधिकाने मान वर केली नाही. तिच्या टेबलावर दोन बाटल्या होत्या, एक अर्धी, एक भरलेली. दोन्हींतलं पाणी इतकं नितळ होतं की मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर त्यातून वाचता आलं असतं.

नाल्याचं पाणी असं नव्हतं. पुसेगावजवळच्या त्या नाल्यात ती स्वतः उतरली होती. शेवाळी, गढूळ पाणी तिने स्वतःच्या हाताने भरलं होतं. मग तातेरावांनी जेवणाचा आग्रह धरला. कचेरीतून सोबत आलेला माणूस आधीच पाटावर बसला होता. बाटल्या ठेवलेली बर्फाची पेटी 'सावलीत ठेवतो' म्हणून त्यांच्या गड्याने उचलली. टोपणं मोहोरबंद करायची लाख जीपमध्येच राहिली. ती चूक तिची. हिंगोलीला येऊन पेटी उघडली, तेव्हा पाणी बदलल्याचं तिला कळलं. पुन्हा नमुने घ्यायला कचेरी तयार नव्हती. जिल्हा नवा, माणसं थोडी, कामं ढीगभर.

तातेरावांच्या शेडमध्ये बंदी आलेल्या कीडनाशकाची भुकटी पोत्यांत भरली जाई. शेड धुतलेलं पाणी नाल्यात जाई. त्याच नाल्यावर मसाजीचा कळप पाणी प्यायचा. एका उन्हाळ्यात मेंढ्या बसल्या त्या उठल्याच नाहीत. पुढे मसाजीचे हात थरथरू लागले. शेवटी शेवटी भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत जाईना. त्याच्या मातीला तातेराव आले होते. "मेंढरं काय, मरतातच," म्हणाले होते. माणसाबद्दल काही बोलले नव्हते.

मसाजी राधिकाचा बाप. लग्नानंतर तिचं आडनाव बदललं, म्हणून तातेरावांनी तिला ओळखलं नव्हतं.

तिची आई, पंचफुलाबाई, अजून चार मेंढ्या राखून होती. त्यातली एक परवा मेली. तिची चरबी आईने डब्यात घालून आणली होती. राधिकाने ती तपासली, तेव्हा यंत्राच्या कागदावर विषाची रेषा सरळ वर चढली. पण कचेरीला फक्त बाटलीतलं पाणी हवं होतं. मेंढीच्या चरबीला तिथे कोण विचारतो?

"खराब आहे," राधिका म्हणाली.

"काय?"

"पाणी. विष आहे त्यात."

तातेराव मोठ्यांदा हसले. "गंमत करून राहिल्या का म्याडम?"

तिने एक कागद पुढे सरकवला. त्यावरच्या उंच रेषेवर पेनाचं टोक टेकवलं. तातेराव वाकले. हसू चेहऱ्यावर होतं, पण आता ते नुसतंच उरलं होतं.

"हे न्हाई होऊ शकत."

"का?"

त्यांनी टॉवेलाने मान पुसली. "न्हाई म्हणजे... मशीन बराबर हाये ना तुमची?"

"बरोबर आहे."

वर पंखा करकरत होता. तातेराव कागदाकडे बघत राहिले.

"समजा, हे पाणी रोज कुणी पीत असंल. घरचं माणूस. लेकरू. तर वो?"

"नाल्याचं पाणी कोण पितं, तातेराव? मेंढरंच ना?"

"समजा म्हणलं."

"चरबीत साठतं ते," राधिका शांतपणे म्हणाली. "निघता निघत नाही. आईच्या दुधातून लेकरात उतरतं. आधी काहीच कळत नाही. मग एक दिवस बोटं थरथरायला लागतात."

तातेरावांनी आपला उजवा हात पुढे धरला. तो थरथरत होता.

"बाई," ते म्हणाले. 'म्याडम' हा शब्द कुठल्या कुठे गेला होता. "ते पाणी नाल्याचं न्हाई."

"मग?"

"माझ्या विहिरीचं हाये. मीच गड्याला सांगितलं, बदल म्हणून. पण आमचं सारं घर त्याच विहिरीवर हाये वो! सून बाळंतीण हाये."

राधिकाने पेनाला टोपण लावलं. "विहीर नाल्याला लागून आहे. तुम्ही विहीर उपसता, तेव्हा नाल्यातलं पाणी झिरपत तिच्याकडे ओढलं जातं. शेड चालू आहे तोवर ते यायचंच."

"अन् बंद केली तर?"

"पुढचं येणार नाही. मागचं अंगात आहेच."

"औषध?"

"नाही."

त्यांनी टेबलावरचा फोन ओढला. शेडचा नंबर फिरवताना दोनदा चुकले.

"शिवहार, शेडला कुलूप लाव. न्हाई, आत्ताच. माल समदा परत धाड... अरे, जाऊ दे धंदा! विहिरीवर कुणाला फिरकू देऊ नगो. अन् घरात सांग, सूनबाईनं लेकराला अंगावर पाजू नये म्हणावं. डब्याचं दूध आन."

राधिकाने तेवढी एकदा मान वर केली. ओठ उघडले. मग मिटले.

तातेराव उठले. जाताना नमस्कार करायचं विसरले. टॉवेल खुर्चीवरच राहिला.

बाहेर लिंबाखाली बसलेली पंचफुलाबाई आत आली.

"तो तातेराव गेला व्हय गं? तोंड काहून असं केलं त्यानं? मढं बघितल्यावानी?"

"बस आई. शेड बंद केली त्याने."

"खरं सांगती?" पंचफुलाबाई मटकन खुर्चीत बसली. मग पदर डोळ्यांना लावला. "तुझा बाप पाहिजे होता माय." थोड्या वेळाने घसा खाकरला. "पाणी दे गं. उन्हानं घसा वाळून गेला."

राधिकाने मेंढीच्या चरबीचा तो कागद घडी करून ठेवला आणि टेबलावरची भरलेली बाटली उघडली. पेला काठोकाठ भरून आईच्या हातात दिला.

पंचफुलाबाई एका दमात प्यायली. पेला पुन्हा पुढे केला.

"गोड हाये गं. कुठलं?"

"तातेरावांच्या विहिरीचं," राधिका म्हणाली, पेला पुन्हा भरला, आणि बाटलीत उरलेलं स्वतः प्यायली.