दोनशे चाळीस

“व्ही रेटिंग आहे सलिलशेठ. ताशी दोनशे चाळीसला पण हलायचा नाही.” हातखंब्याच्या टायरवाल्या विनोदने नव्या टायरवर थाप मारली. सलिलने लगेच चार बोटं वर केली. चारही बदलून टाक.

“दोनशे चाळीसनं कुठं जायचंय? पावसला?” त्याची बायको सावनी म्हणाली.

तिच्या खांद्यावर नऊ महिन्यांची ओवी झोपली होती. परवा पावसहून येताना गाडी खड्ड्यात आदळली आणि मांडीवरच्या ओवीचं कपाळ सावनीच्या पाटलीवर आपटलं. टेंगूळ अजून निळं होतं. तेव्हापासून सावनी मोबाईलवर फक्त टायरबद्दल वाचत होती.

“त्यापेक्षा ते दाखवा,” तिने कोपऱ्याकडे बोट केलं. “टी रेटिंगचे. एकशे नव्वद. बाजू मऊ आहे त्याची, दणका कमी बसतो.”

विनोद हसला, तेही सलिलकडे बघून. “ते रिटायर झालेले गुरुजी नेतात हो वहिनी.”

सलिलही हसला. “हायवेला पकड लागते गं. आत्तासुद्धा गाडीला हेच आहेत. मला तर कधी दणका लागला नाही.”

“तुझ्या हातात स्टिअरिंग असतं. खड्डा तुला आधी दिसतो.”

“तू ना, फार मनाला लावून घेतेस. पोरं आपटतातच.”

आपटतातच! जशी काही ओवी आपल्या पायांनी खड्ड्यात गेली होती. सावनीची कानशिलं तापली. मघापासून विचारत होती ती, आणि उत्तरं सगळी सलिलला मिळत होती.

“विनोददादा, जॅक लावू नका अजून.” तिने ओवीला अलगद सलिलच्या हातात दिलं आणि टेबलावरची चावी उचलली. “नाक्यापर्यंत जाऊन येऊ. तू मागे बस.”

“मागे?”

“मी रोज बसते तिथे.”

हायवेच्या कामाने उखडलेल्या रस्त्यावर तिने गाडी घातली. सलिल कधी चालवत नाही इतकी सावकाश. पहिल्या खड्ड्याला त्याने एका हाताने पुढची सीट धरली. दुसऱ्याला तिला आरशात दिसलं, त्याने ओवीचं डोकं दोन्ही तळव्यांनी झाकून घेतलं होतं.

“अगं, हळू! केवढ्याने हाणतेयस गाडी!”

सावनीने काट्याकडे पाहिलं.

“वीस,” ती म्हणाली.