अकरा चुली

तालुक्याहून चौकशीला आलेल्या साहेबांनी चहा मागितला आणि जिवली नाही म्हणाली.

डोळखांबच्या डोंगरातल्या या अकरा घरांच्या पाड्यात दारी आलेल्याला कोणी नाही म्हणत नाही. दूध नसलं तर कोरा, साखर नसली तर गुळाचा, पण चहा होतो. साहेबांनी नाकावरचा रुमाल काढला आणि छपरांकडे पाहिलं. एकाही कौलातून धूर निघत नव्हता. धूर होता तो वर, डोंगराच्या सोंडेवर. तिथं आठ दिवस वणवा जळत होता, आणि त्याचा धूर खाली उतरून अंगणात ठाण मांडून बसला होता. समोरच्या सागावरचा कावळा दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

साहेब शेतकऱ्याच्या घरातलेच. चुली बंद म्हणजे काय, ते त्यांना सांगायला नको होतं.

"कोणी गेलं का?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"अजून नाय," जिवली म्हणाली आणि तिनं उंबऱ्याकडे पाहिलं.

उंबऱ्यावर तिची सासू गोजर बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून म्हातारी एकेक श्वास खोल विहिरीतून घागर ओढावी तसा ओढत होती.

साहेबांना ती सापडली हे बरंच झालं, कारण कागदात तिचंच नाव होतं. कागद तालुक्यालाच टाइप होऊन आला होता. उत्तर आधी आणि चौकशी मागाहून, अशी त्यांच्या कचेरीची रीत. भातसानगरच्या कॉलनीतून धुराची तक्रार गेली होती, तेव्हा वणव्याचा दोष कचेरीवर येऊ नये म्हणून तो धूर कोणाच्या तरी माथी मारायलाच हवा होता. साहेबांनी वाचून दाखवलं, "दिनांक सतरा एप्रिल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. वणवा आढळला नाही. धुराचे कारण, पाड्यातील घरगुती चुली व राबाची भाजणी. सबब यंदा राब भाजण्यास मनाई करण्यात यावी. खाली गोजर, आजारी इसम, हिचा अंगठा."

राब म्हणजे रोपाच्या वाफ्यावर रचलेला पालापाचोळा. तो भाजला नाही तर तण माजतं आणि भाताचं रोप मरतं. रोप नाही तर लावणी नाही, लावणी नाही तर वर्षभर ताटात काही नाही. साहेबांना हेही सांगायला नको होतं. राग येतो तो याचाच.

"राब तं अजून पेटवलाच नाय," जिवलीचा नवरा बुधू म्हणाला. "चला, दावतो. पाला तसाच हाय."

"आणि चुली?"

"चार दिसांमागं तुमी जीपमधनंच बोललात, धूर तुमच्याच चुलींचा हाय," जिवली म्हणाली. "म्हनून परवा सकाळी आमी चुली बंद केल्या. अकराच्या अकरा. धूर गेला का, तुमीच बगा."

दोन दिवस पाडा शिळी भाकर, कैऱ्या आणि मोहाची फुलं खाऊन होता. पोरं किरकिरली, तरी कोणी काडी ओढली नाही. सगळ्यांत आधी निखारे पसरून विझू दिले ते गोजरनं. कोऱ्या चहाशिवाय जिचा डोळा उघडत नाही, त्या गोजरनं.

"नाटकं आहेत," साहेब म्हणाले. "जीप दिसली आणि विझवल्या. राखेखाली विस्तव असणारच."

"हात घाला."

"काय?"

"राखंत हात घाला. पानी नाय मारलेलं, कोरडी हाय. आन् बूट भायेर काढा, चूल हाय ती."

साहेबांनी बूट काढले. वाकून आत गेले. राखेखाली झाकलेला विस्तव दुसऱ्या दिवसापर्यंत जिता राहतो, हे त्यांनी आपल्या आईच्या चुलीत पाहिलेलं होतं. त्यांनी आधी बोटं घातली, मग पंजा, मग मनगटापर्यंत हात. तळाची मातीसुद्धा गार होती. शेजारच्या घरात गेले. तिथंही गार. तिसऱ्या घरातून बाहेर आले तेव्हा त्यांना ठसका लागला. तो थांबेना. डोळ्यांना धारा लागल्या. उंबऱ्यावर गोजरलाही तेव्हाच उबळ आली आणि दोघं बराच वेळ एकाच सुरात खोकत राहिली.

"हिचा अंगठा..." साहेबांनी शाईचं पॅड पुढं केलं, पण त्यांच्या आवाजात आता जोर नव्हता.

गोजरनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नाय देनार ती," जिवली म्हणाली. "कोनीच नाय देनार. दिसतं ते लिवून आना, मंग बगू."

साहेबांनी मघाशी अंगणातल्या बाजेवर ठेवलेला कागद घडी घालायला उचलला. हाताला घाम होता. राखेनं भरलेला त्यांचा अंगठा 'घरगुती चुली' या शब्दांवर टेकला आणि उठला तेव्हा तिथं करडा, चांगला ठसठशीत ठसा होता. त्यांनी रुमालानं पुसायला घेतलं, तसा तो आणखी पसरला आणि ओळ वाचता येईना. खाली म्हातारीच्या अंगठ्याची जागा कोरीच राहिली.

गोजरनं श्वास गोळा केला. तिला वेळ लागला.

"पुसू नको रं, बाबा," ती म्हणाली. "मला लिवता येत नाय. माझ्या चुलीनं लिवलंय, ते ऱ्हाऊ दे."