तुझं तूच ठरव

“मी ‘हो’ म्हणणार नाही आणि ‘नाही’सुद्धा म्हणणार नाही,” रंगनाथ उजागरे मुलीला म्हणाले. “तुझं तूच ठरव.”

भांडी घासता घासता सुवर्णाचा हात थांबला. तिला वाटलं होतं, पप्पा चिडतील. निदान गप्प तरी बसतील.

रंगनाथ शरणपूरच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री, होते. बायको जाऊन काही वर्षं झालेली, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला, दुसराही अधू, आणि घरात ही एकुलती एक लेक. तिला राकेशनं मागणी घातली होती. राकेश हरसूलला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. लग्न झालं तर सुवर्णाला गंगापूर रोडवरची शाळेतली नोकरी सोडून तिकडे डोंगरात जावं लागणार होतं, आणि पप्पा इथे एकटे पडणार होते.

“मग तुमचं काय?” तिनं विचारलं.

“माझं देव बघेल. तू फक्त एक कर. नाताळापर्यंत तुम्ही दोघं भेटू नका, चिठ्ठीचपाटीही नको. माणूस समोर असला की देवाचा आवाज ऐकू येत नाही. निरोप मी नेईन-आणीन. महिन्यातून एकदा उपासना घ्यायला मी तिकडे जातोच.”

सत्त्याण्णव साल होतं. हरसूलच्या दवाखान्यात अजून फोन आला नव्हता. पुढच्या खेपेला पप्पा परत आले आणि म्हणाले, “राकेशला मान्य आहे.”

तिथून सुवर्णाच्या जिवाची ओढाताण सुरू झाली. पप्पांना जेवायला वाढताना वाटे, यांना सोडून जाणं म्हणजे पाप. ताटातली भाजी चाचपून खाणारा बाप टाकून कुठली लेक सुखी होईल? मग शाळेतून येताना राकेश आठवे. दुथडी भरलेला ओढा ओलांडून पलीकडच्या पाड्यावर औषध पोचवणारा, आणि परत आल्यावर स्वतःच शिंकत बसणारा. त्याला नाही म्हणणंही तिला पापच वाटे. देवाची इच्छा यातली कुठली, तेच उमजेना. एकदा तिनं डोळे मिटून बायबल उघडलं आणि पानावर बोट ठेवलं. निघाली वंशावळ. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका.

एका शनिवारी ती कुणाला न सांगता सीबीएसच्या एसटी स्टँडवर गेली आणि हरसूलच्या एसटीपुढे उभी राहिली. खिडकीजवळची जागा रिकामी असली तर ती देवाचीच खूण, असं तिनं मनाशी म्हटलं. जागा रिकामी होती.

“यायचंय का बाई?” कंडक्टरनं विचारलं.

ती मान हलवून माघारी फिरली. पप्पांना शब्द दिला होता.

त्या रविवारी रंगनाथांनी एदेन बागेवर उपदेश केला. “ज्याचं फळ खाऊ नका म्हणून सांगितलं, त्या झाडाला देवानं कुंपण घातलं नाही,” ते म्हणाले. “त्याला घालता आलं असतं. पण बांधून ठेवलेल्या माणसानं आपलं ऐकावं, हे त्याला नको होतं.” बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

घरी येताना सुवर्णानं विचारलं, “पप्पा, हव्वा ते फळ खाणार, हे देवाला आधीच ठाऊक होतं ना? मग तिनं निवडलं ते काय?”

“ठाऊक असणं वेगळं, भाग पाडणं वेगळं.”

“पण शेवट तर ठरलेलाच होता.”

रंगनाथ थांबले. छत्री उगाच या हातातून त्या हातात घेतली. “तू फार विचार करतेस, बाळ. नुसती प्रार्थना कर.”

नोव्हेंबरात ते हरसूलला गेले ते मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतले. तिनं ताट वाढलं तर म्हणाले, “भूक नाही.”

“राकेश काय म्हणाला?”

“बरा आहे. देवाच्या इच्छेपुढे मान तुकवतो, म्हणाला.”

सुवर्णानं तोंड फिरवलं. डोळे भरून आलेले त्यांना दिसू नयेत म्हणून. कसला धीराचा माणूस! आणि आपण त्याला असं टांगून ठेवलंय.

शेजारच्या वत्सलाबाई सगळं पाहत होत्या. बापाच्या शब्दाखातर त्यांनी लग्नच केलं नव्हतं. नाताळाच्या करंज्या करायला सुवर्णा त्यांच्याकडे बसली होती, तेव्हा त्या लाटता लाटता म्हणाल्या, “देवानं कानात येऊन सांगावं म्हणून मी वाट बघत बसले, पोरी. साठी उलटली. तो काही बोलला नाही. इच्छा त्याची असेल, पण पाय आपलेच उचलावे लागतात.”

सुवर्णानं हातातली करंजी मुडपून ताटात ठेवली. मग हाताचं पीठ झटकून उठली आणि तडक घरी आली. पप्पा अंगणात उन्हाला पाठ देऊन बसले होते. ती त्यांच्यासमोर खालीच बसली.

“पप्पा, मी ठरवलं. मी राकेशशी लग्न करणार. देवानं खूण दिली म्हणून नाही. मला करायचंय म्हणून. आणि मला वाटतं, मी हे माझ्या तोंडानं म्हणावं, हेच त्याला हवं होतं. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेऊ, मगच मी जाईन. तुम्हाला वाईट वाटेल. ते मी सोसेन.”

एवढं बोलून झालं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिची छाती हलकी झाली. रंगनाथांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“तू असं ठरवशील, वाटलं नव्हतं,” ते म्हणाले.

“रागावलात?”

“नाही. तू मोकळीच होतीस, बाळ. मी तुला एकदाही अडवलं नाही.” त्यांनी हात काढून घेतला. “तुझा नकार मी राकेशला पहिल्याच खेपेला सांगितला होता. मागच्या महिन्यात त्याचं लग्न झालं. मीच लावलं.”