सात हाका

वादळ चार दहाला किनाऱ्यावर धडकणार, हे वेधशाळेने आठवडाभर आधीच मिनिटासकट सांगितलं होतं. शेवंतीने वादळखोलीत पाणी, चुरमुरे, औषधं भरून ठेवली आणि चारच्या ठोक्याला आत शिरून दार लावलं. आता ते फक्त तिच्या आवाजाने उघडणार होतं.

पाचच मिनिटांत शेजारचा काशिनाथ दार बडवू लागला. "वहिनी, माझ्या वादळखोलीला तडा गेलाय! आत घ्या मला!"

"मागच्या वादळात हे तुमच्या दाराशी मेले. त्याआधी किती हाका मारल्या त्यांनी?"



"सात," काशिनाथ रडत म्हणाला. "मी घाबरलो होतो, वहिनी."

शेवंतीने ओठ घट्ट मिटले. बाहेरचा आवाज बंद करायचं बटण हाताशीच होतं. तिने ते दाबलं नाही. तिला शेवटपर्यंत ऐकायचं होतं.