कुशीवर वळवण्याचा धडा

“अगं, ओढू नकोस! मी काय सिमेंटचं पोतं आहे?” सलूनवाला पलंगावरून ओरडला.

“पोतं परवडलं. निदान बोलत तरी नाही,” बायको म्हणाली. त्याचा पलीकडचा गुडघा दुमडून, खांदा आणि कंबर धरून तिनं त्याला स्वतःकडे वळवलं. तिला धाप लागली, हातही थरथरला, पण नवरा कुशीवर आला.

स्टुलावर, पाण्याच्या बाटलीला टेकवलेल्या मोबाइलमधून नर्सताईंनी मान डोलावली. घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांचा त्यांचा वर्ग असा मोबाइलवरच भरायचा. चौकटीचौकटीतून दमलेले चेहरे. कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली, कुणाचे वडील. पहिल्याच दिवशी नर्सताईंनी बजावलं होतं, “इथे फक्त सांभाळणारे. रुग्णांनी ऐकायचं नाही. त्यांच्यासमोर तुम्ही मोकळेपणी रडणार नाही.” तेव्हा बायकोनं मुकाट्यानं कानात वायर घातली होती.

“काकांचा आवाज मात्र खणखणीत हं,” सासूवाली सून हसली.

“आवाजाला काय धाड भरलीय! दुखणं स्नायूंचं आहे. एकेक रजेवर जायला लागलाय.” बायको शब्द जपून, सुटे सुटे करून बोलायची. बिचारी दमलीय, असं सगळ्यांना वाटायचं.

“काकू, तुम्हीही जरा बसत जा.”

“हात चालतायत तोवर शिकून घेते. मग बसायचंच आहे.”

घाई होती खरी. परगावच्या मुलानं सेवागृहात खाट बघून ठेवली होती. “आई, घरी हे जमायचं नाही. तुम्ही दोघं नुसते हट्टाला पेटलाय,” असं तो फोनवर रोज ऐकवायचा. शेवटी तडजोड झाली. शनिवारी नर्सताई मोबाइलवरूनच परीक्षा घेणार, मुलगाही बघणार. जमतंय असं त्या म्हणाल्या तर घर, नाहीतर सेवागृहाची गाडी.

“या घरातून कुणी कुठे जाणार नाही,” सलूनवाला म्हणाला. तो एवढं एकच वाक्य हळू बोलला.

मग घराचा आखाडा झाला.

“हनुवटी खाली. आता गिळा,” बायको चमचा पुढे करून म्हणायची.

“गिळतोय की! जन्मभर दुसरं काय केलं?”

“बरं, आता हनुवटी वर करून गिळून बघा.”

त्याला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. बायकोनं पाठीवर थोपटलं. “कळलं?”

“कळलं, बाई, कळलं.”

एकदा तिनं त्याला दुपारभर एकाच कुशीवर ठेवलं. तो कुरकुरायला लागला. “चादरीला सुरकुती पडलीय. टोचतेय.”

“कुठे?”

“माकडहाडाशी.”

“लक्षात ठेवा,” ती म्हणाली, आणि मगच तिनं चादर ताणली.

“तुझ्यापेक्षा आमचा उस्ताद बरा होता गं!” सलूनवाला कण्हला. उस्ताद हा त्याचा नेहमीचा किस्सा. त्या बाबानं याच्या हातात वस्तरा दिला तो फार उशिरा. आधी रोज खुर्चीत बसवून याचीच दाढी खरवडली, सुलटी, उलटी, कोरडी. नुसतं बघून याच्या डोक्यात काही शिरत नाही, हे त्यानं पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. बायकोनं लग्नाच्या पहिल्या आठवड्यात.

शुक्रवारी तिच्या हातून कप निसटला. दोघांनी फरशीवरच्या तुकड्यांकडे पाहिलं, एकमेकांकडे नाही.

“पुन्हा,” ती म्हणाली.

“पुन्हा,” तो म्हणाला, आणि डोळे मिटून आडवा झाला.

शनिवारी सकाळी मोबाइलच्या एका चौकटीत नर्सताई होत्या. दुसऱ्या चौकटीत मुलगा, निकाल आधीच लागल्यासारखं तोंड करून.

“काकू, घाबरायचं नाही,” नर्सताई म्हणाल्या. “रुग्णाला कुशीवर वळवा, चादर बदला, चमच्यानं दोन घोट पाणी पाजा. बस्स. करा सुरू.”

सलूनवाला पलंगावरून ताडकन उठला. त्यानं बाह्या दुमडल्या, मोरीवर जाऊन हात धुतले, परत येऊन चादरीवरून तळवा फिरवला आणि माकडहाडाच्या जागची सुरकुती मोडली.

“अहो काका, तुम्ही उठलात कसे?” नर्सताई ओरडल्या. “झोपा आधी! काकू, धरा त्यांना! रुग्णच असा उभा राहिला तर...”

बायकोनं कानातली वायर काढली. भिंतीला धरत, पाय ओढत ती पलंगाशी आली आणि त्याच्या अंगानं ऊबदार झालेल्या जागेत आडवी झाली.

“चला उस्ताद,” ती सुटे सुटे शब्द जुळवत म्हणाली, “गिऱ्हाईक खोळंबलंय.”